‘सस’ प्रश्नावली मराठीत : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सिस्टिम युझेबिलिटी स्केल, म्हणजे युझेबिलिटीवाल्यांच्या तोंडातलं ‘सस’. एखादी साइट किंवा अ‍ॅप लोकांना वापरायला किती सोपं वाटतं (हीच युझेबिलिटी), ते यातून मोजतात. जॉन ब्रूक यांनी १९८६मध्ये केलेली ही १० विधानांची प्रश्नावली अजून टिकून आहे, कारण ती फुकट आहे आणि दोन-तीन मिनिटांत भरून होते. आकडा भरवशाचा मिळतो, पण मराठीत ती जशीच्या तशी उतरवली तर नाही.

आधी हिशेब. प्रत्येक विधानाला १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं) यांतला एक आकडा द्यायचा. विषम क्रमांकाच्या विधानांच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाच्या विधानांचं उत्तर ५मधून वजा करायचं आणि बेरजेला २.५नं गुणायचं. ४, २, ४, १, ४, २, ५, २, ४, ३ अशी उत्तरं आली तर १६ अधिक १५, म्हणजे ३१, गुण ७७.५. गुण ० ते १००मध्ये येतात, पण ही टक्केवारी नव्हे. सरासरी ६८च्या आसपास धरतात, त्यामुळे ७० म्हणजे जेमतेम बरं. ‘फर्स्ट क्लास आला’ म्हणणाऱ्या साहेबांना हे दर वेळी नव्यानं सांगावं लागतं.

खरी मेख सम विधानांत. ती नकारार्थी आहेत. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून लोक भराभर सगळीकडे ५वर खूण करतात आणि गुण येतात ५०. सगळीकडे १ किंवा ३ केलं तरी ५०च! तेव्हा नेमके ५० आलेला कागद आधी उलगडून बघावा.

दुसऱ्या आणि आठव्या विधानात ‘किचकट’ घातलं, की ‘हे आत्ताच विचारलंत ना?’ असं ऐकावं लागतं. आठव्यातला मूळ शब्द इंग्रजीतही अडला होता, पुढे तो बदलून वापरला गेला. दुसऱ्याला ‘उगाच गुंतागुंतीचं’ आणि आठव्याला ‘वापरायला कटकटीचं’ चपखल बसतं. पहिलं विधान, ‘मला हे वारंवार वापरायला आवडेल’, सातबारा काढायच्या साइटला लावून बघा. वर्षातून एकदा उतारा काढणारा तिथे ४ऐवजी २ करणारच, आणि साइट कितीही सोपी असली तरी ५ गुण गेले.

काम संपल्या संपल्या, गप्पा सुरू व्हायच्या आत कागद हाती द्यावा. ठरवता येत नसेल त्यानं ३ करावं. पाच जणांत अडचणी सापडतात, पण गुणांसाठी १२ ते १४ माणसं हवीत. गुण कमी का आले, ते मात्र यातून कळत नाही. एकेका विधानाचे गुण सुटे वाचू नयेत, असं ब्रूक यांनीच बजावलंय. कारण शोधायला चाचणीचं रेकॉर्डिंग उघडून बसावंच लागतं.