लेखी परीक्षेसाठी धातूचा ई-६बी: पैसे वाऱ्याच्या बाजूचे

प्रायव्हेट पायलटच्या लेखी परीक्षेसाठी धातूचा ई-६बी फ्लाइट कॉम्प्युटर, म्हणजे उड्डाणाची गणितं करायचं हाताने फिरवायचं साधन, घ्यावा का? घ्यावा, पण कशासाठी घेतोय हे आधी ठरवून. याला दोन बाजू असतात. एकीकडे वेग, वेळ आणि इंधनाची गोल चकती, दुसरीकडे वाऱ्याचा ठिपका मांडायची पारदर्शक चकती आणि तिच्याखालून सरकणारी रेघांची पट्टी. पैसे वसूल होतात ते या दुसऱ्या बाजूने. गोल बाजूची बरीचशी गणितं साधा चार क्रियांचा कॅल्क्युलेटर लवकर आणि जास्त अचूक करतो, आणि एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या परीक्षेत तोही सोबत नेता येतो.

अमेरिकी नौदलाचे फिलिप डाल्टन यांनी १९३० च्या दशकात हे साधन घडवलं. मूळ रचना आजही तीच आहे, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा घेतला तरी शिकायची पद्धत बदलत नाही.

वाऱ्याची बाजू एका उदाहरणावर बघू. नकाशावरून मोजलेला कोर्स, म्हणजे जायची दिशा, ०९० अंश; वारा ०३० अंशांवरून २० नॉट (तासाला २० नॉटिकल मैल); ट्रू एअरस्पीड, म्हणजे हवेच्या तुलनेत विमानाचा खरा वेग, ११० नॉट. चकती फिरवून ०३० वरच्या ट्रू इंडेक्सच्या खुणेखाली आणा. पट्टी सरकवून १०० ची रेघ मधल्या छोट्या कडीखाली ठेवा. आता कडीपासून सरळ वर २० नॉट मोजून, म्हणजे १२० च्या रेघेवर, पेन्सिलीने बारीक ठिपका द्या. चकती फिरवून ०९० इंडेक्सखाली आणली की ठिपका डावीकडे सरकतो. मग ठिपका ११० च्या कमानीवर बसेपर्यंत पट्टी सरकवा. कडीखाली ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या तुलनेतला वेग, वाचा: साधारण ९९ नॉट. ठिपका मधल्या रेघेच्या डावीकडे ९ अंशांवर दिसतो. डावीकडे म्हणजे वजा, म्हणून ट्रू हेडिंग, म्हणजे विमानाचं नाक ठेवायची खरी दिशा, ०८१. व्हेरिएशन, म्हणजे खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला फरक, ४ अंश पश्चिम असेल तर ते मिळवायचं: मॅग्नेटिक हेडिंग ०८५. पूर्व असतं तर वजा केलं असतं.

सगळ्यात जास्त घात होतो तो ठिपका कडीच्या खाली दिल्याने. मग याच उदाहरणात ग्राउंड स्पीड ११९ च्या आसपास येतो आणि नाक उजवीकडे वळवायचं, म्हणजे हेडिंग ०९९, असं उत्तर निघतं. परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय असतात आणि अशा चुकीतून निघणारा आकडा त्यांत बसलेला असू शकतो. म्हणून पट्टीला हात लावण्याआधी स्वतःला दोनच गोष्टी विचारा. वारा पुढून आहे की मागून? डावीकडून आहे की उजवीकडून? इथे पुढून आणि डावीकडून आहे, तेव्हा ग्राउंड स्पीड ११० पेक्षा कमी आणि हेडिंग ०९० पेक्षा कमी असायलाच हवं. ही सवय लागली की ठिपका उलटा पडला तरी तिथल्या तिथे लक्षात येतं. इलेक्ट्रॉनिक यंत्रात आकडे भरून उत्तर घेताना हा विचार करायची गरजच वाटत नाही. शिकणाऱ्यासाठी धातूची चकती बरी म्हणतो ती यासाठी. तिच्यावर वारा डोळ्यांना दिसतो.

दुसरी चूक दिशांची. नकाशावर मोजलेला कोर्स आणि उंचावरच्या वाऱ्यांचा अंदाज, दोन्ही खऱ्या उत्तरेवर असतात. म्हणून चकतीवरचं सगळं काम खऱ्या दिशांत करा आणि व्हेरिएशन अगदी शेवटी लावा. ते आधी फक्त कोर्सला लावलं तर वारा एका उत्तरेवर आणि कोर्स दुसऱ्या उत्तरेवर राहतो. टॉवरने सांगितलेला वारा मात्र चुंबकीय असतो, आणि धावपट्टीचा क्रमांकही चुंबकीय दिशेवरूनच ठरतो, त्यामुळे आडव्या वाऱ्याच्या गणितात व्हेरिएशन आणायचंच नाही. धावपट्टी २७, वारा ३०० वरून २० नॉट: आडवा घटक १० नॉट, समोरचा साधारण १७. हे पट्टीवरच्या चौकोनी जाळीवरही निघतं, पण परीक्षेसोबत मिळणाऱ्या आकृत्यांच्या पुस्तिकेत यासाठी आलेख असतो आणि तो जास्त सोयीचा.

आता गोल बाजू. वेळ आणि अंतरासाठी ६० वरचा काळा त्रिकोण ग्राउंड स्पीडसमोर आणायचा, मग बाहेरच्या पट्टीवर अंतर शोधून त्याखाली मिनिटं वाचायची. १०५ नॉटला ४२ नॉटिकल मैल म्हणजे २४ मिनिटं. इंधनालाही हीच रीत: तासाला ८.४ गॅलन, उड्डाण १ तास ३५ मिनिटं, म्हणजे ९५ मिनिटांसमोर १३.३ गॅलन. अडचण एवढीच की चकतीला दशांश चिन्ह नाही. तिच्यावरचं १३३ हे १.३३, १३.३ किंवा १३३ काहीही असू शकतं. दीड तासाला साधारण १२-१३ गॅलन लागतील हा अंदाज डोक्यात आधी तयार हवा. कॅल्क्युलेटर सोबत असेल तर ९५ ला ६० ने भागून ८.४ ने गुणणं सोपं, आणि घाईत ते कमी चुकतं.

गोल बाजूचा खरा उपयोग डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या घनतेनुसार धरलेली उंची) आणि ट्रू एअरस्पीडच्या खिडकीत आहे, कारण तिथे साधा कॅल्क्युलेटर पुरा पडत नाही. प्रेशर अल्टिट्यूड (अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, २९.९२ इंच या प्रमाण दाबावर लावला की दिसणारी उंची) ५,००० फूट आणि तापमान २५ अंश सेल्सिअस समोरासमोर आणा. डेन्सिटी अल्टिट्यूड ७,३०० फुटांच्या आसपास दिसते. चकती न हलवता आतल्या पट्टीवरच्या १०० नॉट कॅलिब्रेटेड एअरस्पीडसमोर (वेगमापकावरचा, त्याची चूक काढलेला वेग) बाहेर १११ ते ११२ नॉट ट्रू एअरस्पीड मिळतो. तोंडी पडताळा असा: ५,००० फुटांवर प्रमाण तापमान ५ अंश, म्हणजे हवा २० अंशांनी जास्त गरम, आणि दर अंशाला १२० फूट धरले तर २,४०० फूट वाढ. ७,४०० येतात, चकतीशी जुळतं. खिडकीतल्या रेघा मात्र फार बारीक आहेत. कमी प्रकाशात तापमानाचा उणे भाग आणि अधिक भाग यांची गल्लत होते, तेव्हा शून्याची रेघ आधी शोधा. लक्षात ठेवा, इथे प्रेशर अल्टिट्यूड लागते. अल्टिमीटरवर २९.४२ इंच दाब लावलेला असेल तर दिसणाऱ्या उंचीत ५०० फूट मिळवूनच खिडकीकडे वळायचं.

घेताना काय तपासायचं? आतल्या चकतीवरचा १० बाहेरच्या १० समोर अचूक बसवा आणि बरोबर समोरच्या टोकाला, ३२ च्या आसपास, बघा. तिथल्या रेघा जुळत नसतील तर चकती केंद्रातून सरकलेली आहे. ती घेऊ नका, कारण प्रत्येक उत्तर थोडं थोडं चुकत राहील. मग पट्टी सरकवून साधन उभं धरा. पट्टी आपल्या वजनाने घसरली तर परीक्षेत ठिपका कमानीवर बसवून खाली ठेवेपर्यंत ग्राउंड स्पीड बदललेला असेल. वाऱ्याच्या चकतीचा पृष्ठभाग थोडा खरखरीत हवा. गुळगुळीत प्लास्टिकवर पेन्सिल धरत नाही. २बी सारखी मऊ पेन्सिल वापरा, कारण टोकदार कडक शिशाने ओरखडे पडतात आणि काही दिवसांनी ओरखडा कोणता आणि ठिपका कोणता हेच कळेनासं होतं.

पुठ्ठ्याचा ई-६बी स्वस्त आणि हलका असतो, गणितं तीच करतो. पण दमट हवेत फुगला की पट्टी अडकते. थोड्या दिवसांत परीक्षा देऊन मोकळं व्हायचं असेल तर चालेल. पूर्ण गोल सीआर प्रकारचा फ्लाइट कॉम्प्युटर खिशात मावतो, पण त्यात सरकपट्टी नाही. समोरचा किंवा मागचा घटक वाचून ग्राउंड स्पीडसाठी स्वतः वजा किंवा मिळवावा लागतो, आणि वारा सुधारणेचा कोन (वाऱ्यासाठी नाक वळवायचा कोन) मोठा असला तर आणखी एक पायरी वाढते. नव्याने शिकणाऱ्याला ई-६बीच सोपा. इलेक्ट्रॉनिक फ्लाइट कॉम्प्युटर एफएएच्या परीक्षेत चालतो, पण त्याची मेमरी परीक्षेआधी आणि नंतर पुसावी लागते.

वापराची माहितीपुस्तिका परीक्षेत नेता येत नाही. साधनावरच कायमच्या छापलेल्या सूचना मात्र चालतात. म्हणून वाऱ्याच्या गणिताच्या पायऱ्या अंगावरच छापलेला नग मिळाला तर तोच निवडा.

आणि प्रत्येक प्रश्नानंतर जुना ठिपका खोडरबराने पूर्ण पुसा. चकतीवर दोन ठिपके राहिले की चकती फिरवल्यावर दुसराच कमानीवर बसतो, आणि येणारं उत्तर इतकं साजेसं असतं की शंकाही येत नाही.