श्रद्धा, चंगळवाद, समाधान: तीन प्रश्नावल्यांचा संच कितपत चालतो?

श्रद्धेमुळे वस्तूंची हाव कमी होते का, समाधान वाढतं का, हे तपासायला समाधान, श्रद्धा आणि चंगळवाद मोजणाऱ्या तीन प्रश्नावल्या बऱ्याचदा एकत्र लावल्या जातात. मिळून अवघे २८ प्रश्न. सुट्या वापरल्या तर तिन्ही चांगल्या. गडबड होते ती जोडताना.

समाधानाची मापनी डीनर आणि सहकाऱ्यांची, १९८५ ची. पाच विधानं, प्रत्येकी १ ते ७ गुण, बेरीज ५ ते ३५, आणि २० म्हणजे मधोमध. उलट विधान (ज्याला ‘सहमत’ म्हटलं की गुण कमी व्हायला हवेत असं) एकही नाही, त्यामुळे गुण देताना चुकायला फारशी जागा नाही.

श्रद्धेसाठी ‘ड्यूरेल’, म्हणजे ड्यूक विद्यापीठाची पाच प्रश्नांची मापनी. तिचे तीन भाग: प्रार्थनास्थळी जाणं (१ ते ६), एकट्याने केलेली प्रार्थना-वाचन (१ ते ६) आणि आतली श्रद्धा (तीन विधानं, ३ ते १५). यांची एकच बेरीज करू नका. अंथरुणाला खिळलेल्या भाविकाला पहिल्यात १ आणि तिसऱ्यात १५ मिळू शकतात. बेरजेत हा फरक बुडतो. शिवाय लिम आणि पटनम यांच्या २०१० च्या अभ्यासानुसार नियमित जाणाऱ्यांचं जास्तीचं समाधान बरंचसं तिथल्या मैत्रीतून येतं. तेव्हा तिथे जवळचे मित्र किती, हा प्रश्न आपणच जोडावा.

खरी डोकेदुखी रिचिन्स-डॉसन यांची १९९२ ची चंगळवाद मापनी. १८ विधानं, १ ते ५ गुण. यशाची ६, वस्तूंच्या महत्त्वाची ७, सुखाची ५. आठ विधानं उलटी आहेत, त्यांचे गुण ६ मधून वजा करायचे. सगळ्यालाच ‘सहमत’ म्हणत जाणाऱ्यांमुळे इथे आकडे बिघडतात. आशियाई देशांत हा त्रास जास्त दिसला, म्हणून २००३ मध्ये विधानांऐवजी प्रश्न वापरून पाहिले गेले आणि फरक पडला.

त्याहून मोठा दोष सुखाच्या पाच विधानांत. आयुष्याचा आनंद घ्यायला लागणारं सगळं आपल्याकडे आहे का, असं त्यात विचारलंय. हे जवळपास समाधानच झालं! मग ‘चंगळवादी असमाधानी असतात’ हा निष्कर्ष थोडाफार प्रश्नांतूनच तयार होतो. तिन्ही भाग वेगळे मांडा आणि समाधानाशी नातं आधी पहिल्या दोहोंचं तपासा.

बरोज-रिंडफ्लाइश यांनी २००२ मध्ये दाखवलेला ताण, म्हणजे श्रद्धा आणि हाव एकाच माणसात असताना होणारी ओढाताण, साध्या सहसंबंधात दिसत नाही. त्यासाठी दोन्हींच्या गुणाकाराचं पद (श्रद्धेचे गुण × चंगळवादाचे गुण) विश्लेषणात घ्या, आणि त्याआधी प्रत्येक गुणातून सरासरी वजा करा.

समाधानाचे प्रश्न मात्र सगळ्यांत आधी विचारा. श्रद्धेचे आधी आले की त्यांचा रंग पुढच्या उत्तरांना लागू शकतो.