नवे नोझल, जुने वायसर आणि माझे १,६९,८०० रुपये

एक लाख एकोणसत्तर हजार आठशे. एवढे रोख मोजले वडाळ्याकडच्या एका गॅरेजवाल्याला, आणि डिझेल गळायचं काही थांबलं नाही. ट्रक एकच आहे, मीच चालवतो, घर आणि बँकेचा हप्ता तिच्यावरच.

सहा सिलिंडर, कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच हाय प्रेशर नळीतून डिझेल. धूर आणि मिसिंग, म्हणजे इंजिनचं अडखळणं, वाढलं म्हणून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सहाही नोझल बदलले. १८,५०० ला एक म्हणजे १,११,०००, वर मजुरी ९,०००. दुसऱ्याच दिवशी पाइपच्या नटांखाली ओल आणि केबिनमध्ये डिझेलचा वास. परत नेली, तर "पाइप गेलेत शेठ", ७,८००. तरी गळतंय. मग "पंप प्रेशर जास्त मारतोय", ४२,०००. ही पद्धत गाडीवाल्यांना नवी नाही. एक बिघाड करून ठेवायचा आणि त्याच्यावर पुढचं बिल लावायचं.

बसवताना मी तिथेच उभा होतो. पोऱ्याने डिझेलच्या ट्रेमधून जुने तांब्याचे वायसर उचलले, पॉलिश पेपरवर घासले, फुंकर मारली आणि लावले. नोझलखालचे तेच, उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न लाइनच्या बँजो बोल्टचेही (पोकळ बोल्ट, ज्यातून डिझेल जातं) तेच. मी विचारलं, "नवे नाही टाकत?" मिस्त्री म्हणाला, "तांबं आहे शेठ, तांब्याला काय होतंय!" लाखाचे नोझल आणि वायसर जुने! तिथेच कळायला हवं होतं, हे आता सगळेच मला ऐकवतात. अहो, न्हावा शेवाला कंटेनर अडकलेला, पार्टीचे फोनवर फोन. पैसे घेऊन काम करणाऱ्या मिस्त्रीच्या हातातला पाना काय मी काढून घ्यायचा?

तांब्याचा वायसर एकदा चेपला की संपला. बँजोचा जुना राहिला तर डिझेल झिरपतं. नोझलखालचा घासून पातळ झाला तर नोझल जास्त खाली उतरतो आणि सिलिंडरचा गॅस वर येतो. दोन्ही नवेच घ्या, खालचा तर गाडीच्या मापाच्याच जाडीचा.

शेवटी मानखुर्दच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडी उघडली. त्या "नव्या" पाइपवर त्याने नख ओढलं, तर चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली गंज. माझेच जुने पाइप रंगवून मला विकले होते! पान्याला नळी लावून नट इतके आवळले होते की पाइपची तोंडं चेपून गेलेली. असं तोंड कितीही आवळलं तरी गळतंच, उलट वाढतं. चार नोझलवरचे नंबर घासलेले, म्हणजे रिपेअर केलेला माल. स्कॅनर लावला तर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरायचे नोझलचे कोडही जुन्याच नोझलचे. सहा नवे पाइप, सगळे वायसर आणि टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या) फिटिंग, मजुरीसकट १४,२००. गळती बंद.

इंजिन ऑइलची काडी रोज बघा, गळकं डिझेल त्यात उतरू शकतं. लेव्हल आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर गाडी पळवू नका, बेअरिंग जातील. गळती बोटाने तर अजिबात चाचपू नका, त्या गॅरेजचा पोऱ्या तेच करत होता. या लाइनमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, डिझेल कातडी फाडून आत शिरतं. बोटाऐवजी पुठ्ठा धरा, तो ओला झाला की गळती कळते.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, "हा दिवाणी मामला आहे. पक्कं बिल आहे?" कच्ची पावती दाखवली, त्यांनी ती नीट पाहिलीसुद्धा नाही. रंगवलेला पाइप टेबलावर ठेवला तर म्हणे, "हे उचला इथून." दुसऱ्या एका कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "ट्रक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नाही." साफ खोटं! पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे. खुर्चीवर बसून पगार घेणाऱ्याला हे माहीत नाही, आणि ड्रायव्हरने रात्री कायदा वाचत बसायचं? जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, माहिती मराठीत मिळते.

नोझलचे डबे सीलबंद असताना फोटो काढा, नंबर आणि कोडसकट. जुने नोझल सोडू नका. माझे "भंगारवाला घेऊन गेला". वडाळ्याला असं काम करून घेतलेल्यांनी आपले पाइप एकदा नखाने खरवडून बघा, आणि कच्च्या पावत्या असतील तर फेकू नका. आयोगात मी त्याच लावल्या आहेत.