न वापरला जाणारा दागिना कुठे मोडावा?

जिथून घेतला त्याच पेढीत, की जुनं सोनं घेऊन पैसे देणाऱ्या दुकानात? बदल्यात नवा दागिना हवा असेल तर पेढीच बरी. पावती असली की घट, म्हणजे वजनातली कपात, बहुधा कमी धरतात. मजुरी मात्र परत मिळत नाही, आणि नव्या दागिन्यावर ती पुन्हा पडते. नुसते पैसेच हवे असतील तर मी दुसरं दुकान निवडेन, पण वजन आणि टंच, म्हणजे शुद्धतेची तपासणी, डोळ्यांसमोर होत असेल तरच. खडे काढून परत मागा, ते आपलेच असतात. ९१६ शिक्क्याच्या, म्हणजे २२ कॅरेटच्या, १० ग्रॅम बांगडीत शुद्ध सोनं ९.१६ ग्रॅम, म्हणून भाव २४ कॅरेटचा सांगताहेत की २२चा, हे आधी विचारा. आकडा कागदावर घेतल्याशिवाय वितळवायला होकार देऊ नका.