माजी सैनिकांची ईसीएचएस सेवा: पुण्यातील अनुभव आणि जबाबदारीचा प्रश्न

माझे वडील सुभेदार म्हणून सैन्यातून निवृत्त झाले. त्यांचा मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचा सगळा उपचार ईसीएचएस, म्हणजेच एक्स-सर्व्हिसमेन कॉन्ट्रिब्युटरी हेल्थ स्कीम, या केंद्र सरकारच्या योजनेतून चालतो, आणि पुण्यातील योजनेच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे बाह्यरुग्ण दवाखान्यात, त्यांच्याबरोबर जाण्याचे काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. या सेवेबद्दल माजी सैनिकांच्या कुटुंबांत एकतर भरभरून कौतुक ऐकू येते किंवा नुसता त्रागा. नेमके काय चांगले आहे, काय बिघडले आहे आणि बिघडले त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे सविस्तर लिहिलेले मला फारसे आढळले नाही, म्हणून हे परीक्षण. पॉलिक्लिनिकचे नाव मी लिहीत नाही, कारण मला दिसलेल्या बहुतेक उणिवा तिथे बसलेल्या माणसांनी निर्माण केलेल्या नाहीत आणि त्या दूर करणेही त्यांच्या हातात नाही.

योजना सुरू झाली १ एप्रिल २००३ रोजी. त्याआधी निवृत्त जवानाला लष्करी रुग्णालयात उपचार मिळत, पण सेवेतल्या सैनिकांची गरज भागून जागा आणि औषध उरले तर. म्हातारपणी, जेव्हा उपचारांची खरी गरज असते, तेव्हा ‘उरले तर’ यावर विसंबून राहावे लागणे ही गोष्ट सन्मानाची नव्हती. ईसीएचएसने ती बदलली, आणि हे या योजनेचे श्रेय कोणीही नाकारू नये. २००३ नंतर निवृत्त होणाऱ्यांना सदस्यत्व सक्तीचे आहे, आणि त्यासाठी एकरकमी वर्गणी भरावी लागते. डिसेंबर २०१७ पासूनच्या दरांप्रमाणे हवालदारपर्यंतच्या पदांना ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये. सदस्य झाल्यावर पेन्शनसोबतचा महिन्याचा १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ताही मिळत नाही. तेव्हा ‘सरकार फुकट औषधे देते, तर कुरकुर कशाला’ असे जे अधूनमधून ऐकवले जाते, ते वस्तुस्थितीला धरून नाही. आधी नोकरीत आयुष्य घालून आणि मग रोख वर्गणी भरून या लोकांनी हा हक्क मिळवला आहे.

आता प्रत्यक्ष सेवेबद्दल. सकाळी टोकन घ्यायचे, कार्ड मशीनवर लावायचे आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसायचे. वेळ जातो, पण गर्दी पाहता तो फार जातो असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांबद्दल मात्र मनापासून चांगले लिहावेसे वाटते. वडिलांना तपासणाऱ्या डॉक्टर बाई साखरेचा रिपोर्ट बघून मोकळ्या होत नाहीत. दर वेळी त्या वडिलांना बूट-मोजे काढायला लावतात, खाली वाकून दोन्ही तळपाय बघतात, बोटांच्या बेचक्यांत भेगा आहेत का ते तपासतात आणि तळव्याला स्पर्श करून ‘साहेब, इथे कळतंय का?’ असे विचारतात. मधुमेह्याच्या पायाची जखम वेळेत लक्षात आली नाही तर पाय जाऊ शकतो, हे सगळ्यांना ठाऊक असते, पण पैसे मोजून गेलेल्या कितीतरी दवाखान्यांत वडिलांचे मोजे कोणी काढायला लावले नव्हते. या बाई कंत्राटी आहेत. पॉलिक्लिनिकमधले डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट, कारकून, इतकेच नव्हे तर ऑफिसर-इन-चार्ज म्हणून बसलेले निवृत्त अधिकारीसुद्धा कंत्राटावर असतात आणि त्यांच्या नेमणुकीचे दर वर्षी नूतनीकरण व्हावे लागते. एवढ्या अस्थिर नोकरीत ही माणसे ज्या आपुलकीने काम करतात, त्याची दखल सरकारने घ्यायला हवी असे मला फार वाटते.

अडचण सुरू होते ती औषधांच्या खिडकीपाशी. चिठ्ठी आत जाते, गोळ्यांची पाकिटे एकेक करून बाहेर येतात आणि चिठ्ठीवरच्या एखाद्या नावाभोवती लाल पेनने गोल काढून शेजारी ‘एनए’ लिहिलेले असते, म्हणजे नॉट अव्हेलेबल. वडिलांच्या बाबतीत तो गोल बहुधा इन्सुलिनभोवती असतो. ‘सुभेदार साहेब, बाकी सगळं दिलंय. इन्सुलिनचं दहा तारखेच्या पुढं फोन करून विचारा, उगाच हेलपाटा नको,’ असे आतला माणूस सांगतो, आणि त्याच्या आवाजात खरीखुरी दिलगिरी असते. एकदा मी त्याला जरा चढ्या आवाजात विचारले, तेव्हा वडिलांनी मला बाजूला घेतले. ‘त्याच्यावर कशाला चिडतेस? स्टोअरमध्येच नाही तर तो कुठून देणार?’

न मिळालेले औषध बाहेरून घेऊन बिल सादर करता येते आणि पैसे परत मिळतात, हे खरे. कागद पूर्ण असतील तर मिळतातच, फक्त केव्हा मिळतील ते कोणी सांगू शकत नाही. आमच्यासारख्या शहरात राहणाऱ्या, घरात कमावते माणूस असणाऱ्या कुटुंबाला ते निभावून नेता येते. पण भोर, वेल्हे, पुरंदरकडून पहाटेच्या एसटीने येणाऱ्या वीरपत्नी आणि वृद्ध जवान त्याच रांगेत असतात. कुटुंबनिवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या बाईला इन्सुलिनचे पैसे आधी खिशातून घालायला सांगणे, आणि त्यासाठी झेरॉक्सा, मूळ बिले, रद्द केलेला चेक असे सगळे जुळवायला लावणे, याला मी सोय म्हणू शकत नाही. पुष्कळ जणी बिल सादरच करत नाहीत. मग त्यांची गैरसोय नोंदीतही येत नाही, आणि वरच्या कार्यालयात बसलेल्यांना ती कधी घडलीच नाही असे वाटते.

वडिलांनी सैन्यातली बरीच वर्षे क्वार्टरमास्टर स्टोअरमध्ये काढली. तिथली पद्धत त्यांनी मला अनेकदा समजावून सांगितली आहे. प्रत्येक ब्लँकेट, प्रत्येक मच्छरदाणी, प्रत्येक बूटजोड लेजरवर असतो. दिला-घेतला की सही होते. वर्षातून एकदा अधिकाऱ्यांचे बोर्ड बसून मोजदाद करते. आणि तूट निघाली तर ती का निघाली, याचे उत्तर नाव आणि हुद्दा असलेल्या माणसाला लेखी द्यावे लागते, प्रसंगी चौकशी लागते आणि पगारातून वसुलीही होते. ज्या व्यवस्थेने एका जवानाकडून हरवलेल्या पाण्याच्या बाटलीचा हिशेब मागितला, त्या व्यवस्थेने त्याच जवानाच्या म्हातारपणी न मिळालेल्या इन्सुलिनचा हिशेब कोणाच्याही नावावर मांडू नये, हे मला पटत नाही. पॉलिक्लिनिकच्या वर प्रादेशिक केंद्र, त्याच्या वर दिल्लीतील मध्यवर्ती संघटना, त्याच्या वर संरक्षण मंत्रालयातील माजी सैनिक कल्याण विभाग अशी उतरंड आहे, आणि औषधांची खरेदी लष्करी वैद्यकीय भांडारांमार्फत होते. यांपैकी नेमके कोणाचे चुकले म्हणून खिडकीवर लाल गोल निघाला, हे रुग्णाला कधीही कळत नाही.

पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, खासगी रुग्णालयांचा अनुभव संमिश्र आहे. वडिलांची अँजिओप्लास्टी अशाच एका रुग्णालयात झाली आणि ती उत्तम झाली. एक रुपयाही भरावा लागला नाही, डॉक्टरांनी कोणताही भेदभाव केला नाही. नंतर दुसऱ्या एका रुग्णालयात मात्र न्यूमोनियासाठी दाखल करायला नेले असता, पॉलिक्लिनिकचे रेफरल, म्हणजे शिफारसपत्र, हातात असूनही, ‘ईसीएचएसच्या खाटा शिल्लक नाहीत’ असे प्रवेश कक्षात सांगण्यात आले. रोखीने भरणार असाल तर लगेच सोय होईल, हेही त्याच दमात सांगण्यात आले. वडील व्हीलचेअरवर धापा टाकत होते. पॉलिक्लिनिकच्या ऑफिसर-इन-चार्जनी स्वतः फोन करून बोलणे लावले तेव्हा खाट मिळाली. ज्यांच्याकडे तो फोन नंबर नसेल, किंवा ज्यांना असा फोन करायचा संकोच वाटत असेल, त्यांनी काय करायचे?

रुग्णालयाच्या त्या वागण्याचे समर्थन होऊ शकत नाही, पण त्यामागचे कारण समजून घ्यायला हवे. ईसीएचएस रुग्णालयांना साधारणपणे सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दरांनी पैसे देते. त्या दरांची २०१४ नंतरची सर्वंकष फेररचना व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्यातच बिले दीर्घकाळ थकली की रुग्णालये हात आखडता घेतात. हे नवे नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०१५ सालीच या योजनेवर स्वतंत्र अहवाल देऊन औषधांचा पुरवठा आणि बिलांचा कारभार यांतील दोष दाखवून दिले होते, आणि संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीनेही ईसीएचएसच्या तरतुदीचा विषय वारंवार घेतला आहे. तरतूद वाढलीही आहे: २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ६,९६८ कोटी रुपये होती, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ८,३१७ कोटी झाली. ही वाढ स्वागतार्ह आहे. मात्र वाढलेल्या पैशातून पुण्यातल्या एखाद्या पॉलिक्लिनिकमध्ये इन्सुलिन वेळेवर यायला लागले की नाही, हे तपासण्याचा कोणताही सोपा मार्ग सामान्य सदस्याजवळ नाही.

सैनिकांच्या कल्याणाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत जे घडले, त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते, ती म्हणजे उत्तर मिळते ते न्यायालयाने विचारल्यावर. वन रँक वन पेन्शनचा, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवाकाळ असलेल्या निवृत्तांना समान पेन्शन देण्याचा, आदेश नोव्हेंबर २०१५ मध्ये निघाला, लाभ १ जुलै २०१४ पासून आणि दर पाच वर्षांनी फेरआढावा असे ठरले. पहिला फेरआढावा १ जुलै २०१९ ला देय होता. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिल्यावर, आणि तरीही डिसेंबर २०२२ मध्ये, त्याला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. पुढे थकबाकी चार हप्त्यांत देण्याचे मंत्रालयाने परस्पर ठरवले, तेव्हा न्यायालयाला मार्च २०२३ मध्ये स्वतः वेळापत्रक आखून द्यावे लागले. त्यात कुटुंबनिवृत्तिवेतनधारक आणि शौर्यपदकविजेते आधी, मग सत्तरी ओलांडलेले, मग बाकीचे, असा क्रम न्यायालयाने लावला. तो क्रम मंत्रालयाला आपणहून सुचायला हवा होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ‘पुढच्या हप्त्यात’ असे सांगणे म्हणजे काय, हे पॉलिक्लिनिकच्या बाकावर एक सकाळ काढली तरी समजते.

दुसरे उदाहरण पुण्याच्या अगदी जवळचे आहे. खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, किंवा अन्य प्रबोधिनीत प्रशिक्षण घेताना गंभीर जखमी होऊन बाहेर पडावे लागलेल्या छात्रांना माजी सैनिकाचा दर्जा नव्हता, त्यामुळे ईसीएचएसही नव्हते. विशीतल्या मुलाचा कणा प्रशिक्षणात निकामी व्हावा आणि त्याच्या उपचारांचा भार आयुष्यभर आईवडिलांनी वाहावा, ही स्थिती कित्येक वर्षे चालली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मंत्रालयाने या छात्रांना वर्गणी माफ करून योजनेत घेतले. इतक्या थोड्या दिवसांत जे होऊ शकले, ते आधी का झाले नाही, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

आणि आता अग्निवीर. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ या चार वर्षांच्या भरती योजनेतील भूदलाची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणात दाखल झाली. चार वर्षांनी त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील आणि बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांची सेवानिधी ही एकरकमी रक्कम घेऊन परततील. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. सातारा-सांगलीकडच्या गावांतून भरती झालेल्या मुलांचे आईवडील आमच्याच नात्यात आहेत. चार वर्षे सीमेवर काढून आलेल्या मुलाला त्या काळात जडलेला एखादा आजार पुढे पाच वर्षांनी बळावला तर त्याने कोणत्या दारात जायचे, हा त्यांचा साधा प्रश्न आहे आणि तो धोरण ठरवणाऱ्यांनी पहिली तुकडी घरी पोहोचण्याआधी सोडवला पाहिजे.

पुण्यात रुग्णाचे ऐकून घेणारी सेवा अशक्य वाटण्याचे कारण नाही. वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून जवानांना पाय आणि हात बसवून देत आहे. वडिलांचे एक सहकारी सुरुंगस्फोटात पाय गमावल्यावर तिथे गेले होते. मोजमाप घेणारा, साचा करणारा आणि चालायला शिकवणारा, सगळे एका आवारात. सॉकेट टोचते म्हटले की ते ऐकून घेणारा माणूस समोर उभा, असे ते सांगतात. ईसीएचएसमध्ये नेमके हेच हरवले आहे.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक पॉलिक्लिनिकमध्ये कोणते औषध किती दिवस ‘एनए’ होते, त्याची मागणी कोणत्या तारखेला वर गेली आणि कोणत्या कार्यालयात थांबली, परताव्याची किती बिले किती महिने पडून आहेत, आणि पॅनेलवरच्या कोणत्या रुग्णालयाने किती रुग्ण परत पाठवले, हे दर महिन्याला दर्शनी फलकावर लावावे आणि जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा त्याखाली असावा. तोपर्यंत माहिती अधिकारात हेच प्रश्न लेखी विचारता येतात; मी विचारले आहेत आणि इतर सदस्यांनीही विचारावेत.

सेवा घ्यावी का, असे २००३ पूर्वी निवृत्त झालेले आणि अजून भत्त्यावर असलेले ज्येष्ठ मला विचारतात. माझे उत्तर होय असे आहे, कारण हृदयाची एक शस्त्रक्रिया निघाली तर महिन्याचे हजार रुपये कुठेच पुरणार नाहीत. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात: प्रत्येक ‘एनए’ चिठ्ठीची प्रत स्वतःजवळ ठेवावी, आणि अचानक पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवून कळवल्याची पोच घ्यावी. घरातल्या तरुण माणसाने हा नियम ज्येष्ठांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, सोबत पॉलिक्लिनिकचा फोन नंबरही.