खांदा दाबून घ्यायला गेलो, सोनोग्राफीला पाठवलं

चार स्टार. पाचवा कापला तो जिन्यासाठी. फिजिओचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि येणारे निम्मे गुडघेवाले!

माझा धंदा टेलरिंगचा. कटिंग टेबलावर वाकून दिवसभर कात्री, म्हणून उजव्या फऱ्याखाली दुखू लागल्यावर घरच्यांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांनी कात्रीलाच दोष दिला. आधी एका ठिकाणी मालिशचं पॅकेज गळ्यात मारलं. तिथे भिंतीवर तक्ता, कुठला मणका सरकला की कुठला अवयव बिघडतो. तक्ता रंगीत, पाठ होती तशीच.

इथल्या मॅडमनी हात वर, मागे, आडवा, सगळीकडे फिरवून पाहिला. कुठेच कळ नाही. फऱ्याखालचा स्नायू मात्र दोरीसारखा ताठ. मग विचारलं, "काका, जेवल्यावर वाढतं का?" वाढायचं तर. भजी खाल्ली की रात्र गेलीच. उजव्या बरगडीखाली दाबून म्हणाल्या, श्वास घ्या. श्वास अर्ध्यातच अडकला.

मशीन लावलंच नाही. पित्ताशयात खडे असावेत म्हणाल्या, आणि कागदावर कणा काढून दाखवला. पित्ताशयाकडच्या नसा छातीच्या साधारण पाचव्या ते नवव्या पातळीवर मज्जारज्जूत शिरतात, पाठीच्या त्याच पट्ट्यातल्या नसाही तिथेच. मेंदूचा गोंधळ होतो आणि दुखणं पाठीच्या नावावर लागतं. वर मज्जारज्जू मेंदूला न विचारता तिथले स्नायू आवळतो. "मी आज सैल करीन, उद्या परत ताठेल. आणि मणका दाबून खडे विरघळत नाहीत," हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली, फी फक्त तपासणीची घेतली.

सोनोग्राफीत खडेच निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, आणि शुद्धीवर येतो तर उजवा खांदा ठणकतोय! सर्जन हसले. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, चिडतं. त्याची नस मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून येते, खांद्याची संवेदनाही तिथलीच. एक-दोन दिवसांत थांबलं. फऱ्याखालचं दुखणं तर परत आलेलं नाही.

दारावर मोठ्या अक्षरात पाटी आहे: छातीत दाबल्यासारखं होऊन डावा हात किंवा जबडा दुखत असेल, घाम फुटला असेल, तर इथे थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. गिऱ्हाईक परत पाठवणारी पाटी मी तरी दुसऱ्या कुठल्या दुकानावर पाहिली नाही.

संध्याकाळी गर्दी असते, फोन करून जा. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही.