कॉट्सवोल्ड वे की हेड्रियनची भिंत?

इंग्लंडमध्ये आठवडाभर चालायला यायचंय, कुठली वाट धरू, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: रोज थोडं थोडं छान हवंय, की दोन-तीन दिवस कंटाळून मग दोन दिवस तोंडात बोट घालायचंय? पहिलं हवं असेल तर कॉट्सवोल्ड टेकड्यांमधली कॉट्सवोल्ड वे, दुसरं हवं असेल तर हेड्रियन्स वॉल पाथ, म्हणजे रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीच्या कडेने जाणारी वाट.

कॉट्सवोल्ड वे चिपिंग कॅम्पडेनपासून बाथपर्यंत १६४ किलोमीटर. भिंतीची वाट न्यूकासलशेजारच्या वॉल्सेंडपासून पश्चिम किनाऱ्यावरच्या बोनेस-ऑन-सॉल्वेपर्यंत १३५. पहिलीला आठ-नऊ दिवस धरा, दुसरी सातात आरामात होते.

कॉट्सवोल्ड म्हटलं की मधाच्या रंगाची दगडी घरं आणि चहा-स्कोन डोळ्यांसमोर येतात आणि ‘हे तर आईबाबांनाही जमेल’ असं वाटतं. फसू नका. वाट डोंगराच्या धारेवरून जाते खरी, पण मुक्कामाची बरीचशी गावं खाली. म्हणजे उतरा, जेवा, झोपा आणि सकाळी उठून परत चढा. सगळ्यात उंच क्लीव्ह हिल, तीही ३३० मीटर. सिंहगड चढणाऱ्याला हसू येईल. आम्हालाही आलं होतं, चौथ्या दिवशी गुडघे बोलायला लागेपर्यंत. त्यात पाऊस झाला की चिखल असा चिकटतो की दर पन्नास पावलांवर काठीने बूट खरवडायचे. भिंतीच्या वाटेवर मोठे चढ-उतार मधल्या दोन दिवसांतच, दोन्ही टोकं जवळपास सपाट.

त्या मधल्या दोन दिवसांसाठीच तिकडे जायचं. चेस्टर्स ते बर्डोझवाल्ड, या दोन रोमन किल्ल्यांमधला टप्पा. इसवी सन १२२ मध्ये सम्राट हेड्रियनच्या हुकमाने भिंतीचं काम सुरू झालं आणि इथे रोमनांनी ती नेमकी कड्याच्या माथ्यावरून नेली. कडा डोलेराइटचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टचा सख्खा भाऊ. तोच काळा कातळ, फक्त खाली करवंदांऐवजी मेंढ्या. दर रोमन मैलाला एक चौकी, दोन चौक्यांमध्ये दोन बुरूज. हाउसस्टेड्सच्या किल्ल्यात सैनिकांचं सामुदायिक शौचालय आहे आणि त्याला लागून पावसाचं पाणी साठवायचं दगडी टाकं. गडावर गेल्यावर आधी टाकी शोधणाऱ्या माणसाचा पाय तिथून निघत नाही. तिथून पश्चिमेला गेलं की सिकॅमोर गॅप. खिंडीतलं ते एकटं झाड २०२३च्या सप्टेंबरात एका रात्री कुणीतरी कापलं. बुंध्याला पुढच्या वर्षी धुमारे फुटले. फोटोच्या नादात भिंतीवर मात्र चढू नका.

बाकीचं? खरं सांगायचं तर पूर्वेकडे शहराची कड आणि मग मोटाररस्त्याच्या बाजूबाजूने चाल. अठराव्या शतकात लष्करी रस्ता बांधताना भिंतच पाडून खाली घातली, त्यामुळे कित्येक मैल आपण भिंतीशेजारून जातोय हे नकाशा सांगतो, डोळे नाही. कॉट्सवोल्डमध्ये असे कोरडे दिवस नाहीत. एक दिवस ब्रॉडवेचा मनोरा, दुसऱ्या दिवशी हेल्सच्या मठाचे अवशेष, मग पेन्सविकच्या चर्चसमोरची कातरलेली यू झाडं, आणि मोकळ्या कड्यावर आलं की पलीकडे सेव्हर्न नदी आणि वेल्सचे डोंगर.

पोटाचं आणि पाठीचं. कॉट्सवोल्डमध्ये गावं दाट, पबमध्ये शाकाहारी काहीतरी मिळतं. भिंतीच्या मधल्या टप्प्यात दुकानं विरळ, तेव्हा सॅकमध्ये भडंग असू द्या. दोन्हीकडे पुढच्या मुक्कामी बॅग पोचवणाऱ्या गाड्या आहेत, पैसे द्या आणि खांदे वाचवा. राजगडावरच्या पद्मावतीच्या देवळात पथारी टाकायची सवय इथे चालत नाही. जमीनमालकाला न विचारता तंबू ठोकता येत नाही, खोली आधीच घ्यावी लागते. कॉट्सवोल्डमध्ये एके ठिकाणी शनिवारची खोली मागितली तर ‘दोन रात्री घ्याव्या लागतील’ म्हणाले. चालणाऱ्याने दुसरी रात्र तिथे बसून काय करायचं? महागही कॉट्सवोल्डच जास्त.

माघार घ्यायची सोय भिंतीकडे बरी. उन्हाळ्यात एडी१२२ नावाची बस किल्ल्या-किल्ल्यांशी थांबते. पायाने असहकार पुकारला तर बसा आणि पुढे जा. तीनच दिवस हाताशी असतील तर याच बसच्या भरवशावर फक्त मधला भाग करा, मी तर तेच सुचवेन. मे ते ऑक्टोबरमध्येच जा, हिवाळ्यात ओली वाट पायांखाली खराब होते.

पूर्ण करणार असाल तर बोनेसहून निघा. वारा बहुधा पश्चिमेचा, तो पाठीवर राहतो, आणि शेवटी वॉल्सेंडच्या मेट्रो स्टेशनवर पोचता. तिथे इंग्रजीबरोबर लॅटिन पाट्याही आहेत. ‘नोली फुमारे’, म्हणजे धूम्रपान करू नका.